फुटाला एक सूत

आपल्या घरातला पहिला कॉम्प्युटर तुमच्या बाबांनी मला घेऊन दिला, तो मी त्यांना परदेशी पत्रं लिहावीत म्हणून. त्याच कॉम्प्युटरवर बसून मी एका परक्या बाईला खोटं पाडलं. हे मी तुमच्या बाबांना कधी सांगितलं नाही. तुम्हा नातवंडांना सांगते आहे, कारण तुम्ही दोघं आता सगळी खरेदी घरबसल्या करता, आणि पलीकडे माणूस असतो हे पडद्यावर दिसत नाही. मलाही तेव्हा दिसलं नव्हतं.

दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट. आम्ही शिवाजी पेठेत राहत होतो. आमच्या घरासमोर, बोळाच्या पलीकडे, एका मिस्त्रींचं पत्र्याचं कारखानावजा दुकान होतं. ते पॅटर्नमेकर होते. फाउंड्रीत लोखंड ओतायचं, तर आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते. ती वाळूत दाबायची, काढून घ्यायची, आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. ती लाकडी प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. चाळीस वर्षं मिस्त्रींनी पंपांचे, इंजिनांचे, उसाच्या चरकांचे पॅटर्न केले. मग कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली, पॅटर्न ॲल्युमिनियमचे झाले आणि फाउंड्रीवाल्यांनी मिस्त्रींकडे येणं हळूहळू बंद केलं. कुणी येऊन तसं सांगितलं नाही. फक्त माणसं यायची थांबली.

दुकानाच्या माळ्यावर जुने पॅटर्न पडून होते. तुमचे बाबा सुट्टीत आले तेव्हा त्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "आई, तिकडे लोक असली लाकडी चाकं भिंतीवर लावतात. पैसे देऊन घेतात." त्यांनी मला एका विदेशी बाजाराच्या वेबसाइटवर खातं उघडून दिलं, फोटो कसे चढवायचे ते दाखवलं आणि परत गेले. पुढचं मी सांभाळायचं ठरलं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं कार्डं लिहिली होती. प्रत्येक पॅटर्नला मी नंबर दिला, माप, लाकूड आणि अवस्था लिहिली आणि एक वही केली.

पहिलं दातेरी चाक विकलं गेलं तेव्हा मिस्त्री हसून हसून बेजार झाले.

"वहिनी, ह्ये भिताडाला लावनार? मी ह्येच्यावर च्याचा कप ठेवत हुतो की!"

त्यांची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमाला लावलं असतं भिताडाला तर बरं झालं असतं. निदान धूळ तरी पुसली असती कुनी."

पैसे थेट आमच्याकडे येत नसत. घेणारा ते मधल्या एका कंपनीकडे भरायचा, आम्ही वस्तू पाठवायची, आणि ती पोचली की काही दिवसांनी ते आमच्या खात्यात यायचे. घेणाऱ्याने तक्रार केली तर पैसे गोठायचे. दोन्ही बाजूंनी आपापलं म्हणणं आणि पुरावे द्यायचे, आणि कुठलासा न दिसणारा माणूस निकाल द्यायचा. पहिल्या सात-आठ विक्रींत असं काही झालं नाही. आमच्या नावापुढे चांगले शेरे जमत गेले. मी ते मराठीत वाचून दाखवायची. मिस्त्री करवत बाजूला ठेवून ऐकायचे.

मग इंग्लंडातल्या एका लहान गावातून एका बाईचं पत्र आलं. तिच्याकडे आईचं जुनं पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं. त्याच्या टेबलाला दोन्ही बाजूंना लांब, अरुंद खण होते. त्यातला एक हरवला होता. मिस्त्रींनी केलेल्या लाकडी चाकांचे फोटो पाहून तिने विचारलं होतं, हा माणूस मला खण करून देईल का? तिने उरलेल्या खणाचा फोटो आणि मापं दिली होती. लांबी सोळा इंच, रुंदी पाच, उंची चार.

मिस्त्रींचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. माळ्यावरचं जुनं सामान विकणं निराळं आणि नवीन काम हातात येणं निराळं.

"साग घालूया," ते म्हणाले. "जुना साग हाय माज्याकडं. कोपरे सांध्यात बसवतो. खिळा वापरनार न्हाय."

दहा दिवसांनी तो खण माझ्या टेबलावर होता. मी आयुष्यात इतकी सुबक लाकडी वस्तू हातात धरली नव्हती. कोपऱ्यांवर बोट फिरवलं तर सांधा कळत नव्हता. आम्ही तो पाठवला.

महिन्याभराने बाईची तक्रार आली. खण सुंदर आहे, पण बसत नाही. थोडासा आत जातो आणि अडकतो. तो सगळ्या बाजूंनी किंचित मोठा आहे. मापं मी दिली तशी नाहीत. मला पैसे परत हवे आहेत. साडेतीन हजार रुपयांच्या आसपासचे ते पैसे त्याच दिवशी गोठले आणि मला दहा दिवसांत उत्तर द्यायला सांगण्यात आलं.

मी मिस्त्रींना वाचून दाखवलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाले, "माजं माप?"

"असं म्हणतेय ती."

"वहिनी, चाळीस वर्सं झाली. इंजिनाचं हेड केलंय मी. पाव सूत इकडंतिकडं झालं तर फौंड्रीवाला पॅटर्न तोंडावर मारतोय. माजं माप कुनी चुकीचं म्हनलं न्हाई आजपातुर." त्यांचा आवाज चढला. "तिकडं हवा दमट. लाकूड फुगलं आसंल. न्हाईतर बाईलाच मापता येत न्हाय."

त्यांच्या बायकोने आतून विचारलं, "काय झालं ओ?"

"काय न्हाय! विलायतेतली बाई म्हनते मला माप येत न्हाय!"

बोळातल्या दोन दारांतून माणसं बाहेर डोकावली. हे सगळ्या बोळाला कळलं आणि तेव्हापासून ते मिस्त्रींच्या अब्रूचं प्रकरण झालं. पैशाबद्दल ते नंतर एकदाही बोलले नाहीत. गिऱ्हाइकं गेली, काम गेलं, यंत्रं आली, हे सगळं त्यांनी सोसलं होतं. पण माझं माप चुकत नाही, एवढं त्यांच्याकडे उरलं होतं. ते जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं.

खण पाठवण्याआधी मी माझ्या शिस्तीप्रमाणे फोटो काढून ठेवले होते. मिस्त्रींच्या बाकावर त्यांची दोन फुटी पोलादी पट्टी पडलेली असायची. वापरून वापरून तिची टोकं गुळगुळीत झाली होती, पण खुणा स्वच्छ दिसायच्या. ती खणाला लावून मी लांबीचा, रुंदीचा आणि उंचीचा असे तीन फोटो घेतले होते. तिन्हीत माप बरोबर रेघेवर. सोळा, पाच, चार. याहून चांगला पुरावा काय असणार?

मग मी उत्तर लिहायला बसले. दोन दिवस घेतले. तुमच्या आजोबांनी एकदा येऊन पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, "अगं, खटला लढवतेयस की खण विकतेयस?" मला त्यात स्तुती वाटली. मुद्द्यांना क्रमांक दिले. बाईचं मापांचं मूळ पत्र जोडलं, फोटो जोडले. सागवान मुरलेलं असून ते सहसा फुगत नाही, आणि फुगलंच तर तो तिथल्या हवेचा दोष, असं लिहिलं. खरेदीदारांनी आपली मोजण्याची टेप एकदा तपासून घ्यावी असं सुचवलं. इथवर ठीक होतं. पण शेवटी मी आणखी एक वाक्य लिहिलं. काही वेळा वस्तूही ठेवायची आणि पैसेही परत घ्यायचे, असा खरेदीदारांचा हेतू असू शकतो, याकडे मी आदरपूर्वक लक्ष वेधते.

आदरपूर्वक हा शब्द मी मुद्दाम घातला होता. तो लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

बाईने त्यावर एकच ओळ लिहिली. मी चोर नाही. आईच्या मशीनचा खण मला हवा होता, बाकी काही नको.

नऊ दिवसांनी निकाल आला. विक्रेत्याने पुराव्याने आपली बाजू सिद्ध केली आहे. पैसे मोकळे झाले. मिस्त्रींच्या बायकोने बोळात पेढे वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं, "विलायतेत केस जिंकली आमच्या ह्येंनी!" मिस्त्री दुकानात मान खाली घालून रंधा मारत होते, पण मानेवरून कळत होतं की ते हसतायत. बाईच्या त्या एका ओळीचं मी कुणाला काही सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली. ती पट्टी फोटोंच्या दिवसापासून माझ्याकडेच राहिली होती. मिस्त्री म्हणाले होते, ऱ्हाऊ द्या, माज्याकडं अजून एक हाय. मी पट्टीने चौकट मोजली, चिठ्ठीवर माप लिहिलं आणि काचवाल्याकडे जाऊन काच कापून आणली. ती बसवायला गेले तर चौकटीत सैल. एका बाजूला धरली तर दुसऱ्या बाजूने फट. दोन सूत तरी, म्हणजे पाव इंच, कमी असेल.

मी काच कागदात गुंडाळून रिक्षाने परत गेले. काचवाला माझ्यापेक्षा बराच लहान, उघड्या गळ्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस होता.

"तुम्ही काच लहान कापली," मी म्हटलं.

"काय बोलताय मावशी! तुमच्या चिठ्ठीवरच कापली की."

"चिठ्ठीवर माप बरोबर आहे. मी स्वतः मोजलंय."

"आनि मी काय डोळं झाकून कापली व्हय?" त्याने टेप ओढली, काचेवर लावली आणि माझी चिठ्ठी शेजारी धरली. "बगा. हाय का न्हाय तेवढीच? सुताचाबी फरक न्हाय. आता तुमी म्हनताय मी चोर, मी म्हनतो तुमचं माप चुकलं. कुनाला इचारायचं?"

मी पिशवीतून पट्टी काढली. मला ती त्याच्या तोंडावर दाखवायची होती. "ही पोलादी पट्टी आहे. ही चुकत नाही."

त्याने ती हातात घेतली आणि टेप ओढून तिच्यावर लांबवून धरली. मग मला जवळ बोलावलं.

"मावशी, बगा की. तुमची पट्टी चोवीस म्हनते, टेप सव्वाचोवीस म्हनते."

मी पाहिलं. खरंच तसं होतं. पट्टीवरचा प्रत्येक इंच किंचित लांब होता. एकेक इंच पाहिला तर कळलं नसतं. फुटाला एक सूत फरक पडत होता.

"ही फौंड्रीवाल्यांची पट्टी हाय," तो म्हणाला. त्याचा राग गेला होता. "माजा दाजी उचगावला पॅटर्नचं काम करायचा. लोखंड गार झालं की आटतंय, म्हनून लाकडी पॅटर्न जरा मोठा करावा लागतोय. दर येळी हिशेब कोन करनार? म्हनून पट्टीतच इंच मोठा करून ठेवत्यात. तुमाला कुनी दिली ही?"

मी पट्टी त्याच्या हातातून परत घेतली. त्याने काच परत घेतली, खरं माप घ्यायला उद्या माणूस पाठवतो म्हणाला, आणि जास्तीचे पैसे घेतले नाहीत. रिक्षात मी पट्टी मांडीवर धरून बसले होते. सोळा इंचांना सव्वा सूत. पाच इंचांना जवळजवळ अर्धं सूत. खण थोडासा आत जातो आणि अडकतो. सगळ्या बाजूंनी किंचित मोठा आहे. बाईने अगदी बरोबर लिहिलं होतं. ज्या पट्टीने खण केला, त्याच पट्टीने मी तो मोजला, आणि वर तिला तिची टेप तपासायला सांगितली.

तुमच्या आजोबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "केस मिटली. आता हे उकरलंस तर त्या माणसाचं काय होईल, विचार कर." मी तीन दिवस विचार केला. पैसे परत करणं अवघड नव्हतं. मी माझ्या पदरचे घालू शकले असते आणि मिस्त्रींना कधी कळलंही नसतं. पण पुढचा खण? एका दुसऱ्या बाईने तसल्याच एका खणाची चौकशी केली होती आणि मिस्त्रींनी लाकूड काढून ठेवलं होतं. त्यांना न सांगता गप्प बसायचं, आणि त्यांच्याकडची दुसरी पट्टीही तसलीच असली, तर तोही खण फुटाला एक सूत मोठा होणार होता.

चौथ्या दिवशी मी पट्टी आणि घरातली शिवणकामाची टेप घेऊन बोळ ओलांडला. मिस्त्री बाकावर होते, त्यांची बायको दारात शेंगा निवडत होती. मी सरळ बाकाशी गेले. पट्टी बाकावर ठेवली आणि तिच्यावर टेप अंथरली.

त्यांनी पाहिलं. क्षणभर त्यांना कळलं नाही, मी काय दाखवतेय ते. मग कळलं. ते उठले, भिंतीवर टांगलेली दुसरी पट्टी काढली. ती साधी होती. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या, एक टोक अंगठ्याने जुळवलं आणि दुसऱ्या टोकाकडे पाहत राहिले.

"हीच हातात असायची सारखी," ते म्हणाले. "ह्योच इंच. ह्येच्याबिगर दुसरा इंच असतोय ह्येच ध्यानात आलं न्हाई बगा."

बायकोने सूप खाली ठेवलं. "म्हंजे ती बाई खरं बोलत हुती?"

"व्हय."

"मग आपन तिचं डोस्कं कशापायी खाल्लं ओ? पेढं वाटलं मी!"

"गप की गं." पण त्यात जोर नव्हता.

मी घाईने म्हणाले, चूक माझीही आहे. फोटो मीच काढले, दुसऱ्या टेपने मोजायला हवं होतं, पत्रातलं ते वाईट वाक्यही माझंच. मिस्त्रींनी मान हलवली. माझ्या बोलण्याने त्यांना काही उपयोग होत नव्हता.

"वहिनी, तिला लिवा," ते म्हणाले. "मिस्त्रीचं माप चुकलं म्हनून लिवा. लई इंग्रजी लिवू नका. एवढंच लिवा."

मी घरी येऊन कॉम्प्युटर उघडला. प्रकरण बंद झालं होतं, त्यामुळे पैसे परत करायचं बटण चालेना. बाईला संदेश पाठवला तर तो गेला नाही. तिने आमच्याकडून काही येणं बंद करून टाकलं होतं. वेबसाइटवाल्यांना लिहिलं, तर त्यांचं ठरावीक उत्तर आलं की निकाल तुमच्या बाजूने लागलेला आहे, तुम्हाला काही करायची गरज नाही.

पण पार्सलच्या पावतीवर तिचा पत्ता होता. मिस्त्रींनी पंधरा दिवस घेऊन नवीन खण केला. या वेळी ते प्रत्येक माप साध्या पट्टीने दोनदा घेत होते, आणि दोनदा घेऊनही त्यांना खात्री वाटत नव्हती. मी पत्र लिहिलं. एक पान, क्रमांक नाहीत. पट्टीचं सगळं लिहिलं, माझं ते वाक्य मागे घेतलं आणि पैसे कसे पाठवू ते विचारलं. पत्र खणात ठेवलं, वर कागद चिकटवला आणि पार्सल बांधलं. वस्तू आणि तिचा कागद एकाच ठिकाणी असावा, ही माझी सवय.

सव्वादोन महिन्यांनी पार्सल परत आलं. वर तिकडच्या टपालाची चिकटपट्टी होती आणि तीत नाकारले या शब्दापुढे खूण होती. कदाचित तिच्याकडे जकात मागितली असेल. कदाचित पाठवणाऱ्याचं नाव पाहूनच तिने दार लावलं असेल. बांधलेली सुतळी मी बांधली तशीच होती. पत्र आत तसंच.

मिस्त्री बोळातून आले. "उघडलंबी न्हाई?"

"नाही."

"म्हंजे तिला म्हाईतच न्हाई अजून."

"मी पत्र वेगळं पाठवते," मी म्हटलं, आणि पाठवलंही, त्याच दिवशी रजिस्टरने. मिस्त्री काही आठवडे रोज विचारत, आलं का काय? मग आठवड्याने विचारू लागले. मग विचारायचे थांबले. उत्तर आलं नाही. तिच्या दृष्टीने आम्ही अजूनही तेच लोक आहोत, ज्यांनी तिला चोर म्हटलं आणि जिंकले.

दुसऱ्या बाईचा खण मिस्त्रींनी केला. झाल्यावर बांधायला देण्याआधी ते तो घेऊन आमच्या घरी आले, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि बाजूला उभे राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी आपलं माप कुणाला तपासायला दिलं नव्हतं.

"वहिनी, तुमची टेप आना की जरा."

मी टेप आणली. लांबी, रुंदी, उंची. तिन्ही बरोबर होत्या, रेघेवर. मी तसं सांगितलं.

ते खणाकडे पाहत होते, माझ्याकडे नाही. "परत एकदा बगा," ते म्हणाले, आणि मी परत एकदा मोजलं.